संदर्भ क्रमांक सत्तेचाळीस

२० जानेवारी २०२५, सोमवार

ही वही म्हणजे एक बिघडलेलं बाइंडिंग आहे. मागच्या वर्षी एका प्रबंधाच्या काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उमटवताना विद्यार्थ्याच्या जागी मार्गदर्शकाचं नाव गेलं आणि मार्गदर्शकाच्या जागी विद्यार्थ्याचं. दोघंही माझ्यावर तापले. पुठ्ठा पडून होता, आत कोरे कागद शिवले. साताऱ्यात कॉलेजच्या रस्त्याला दुकान टाकून एकवीस वर्षं झाली. टायपिंग, झेरॉक्स, बाइंडिंग. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांची लिहिलेली हजारो पानं बडवली, स्वतःचं एक पान नाही. आज लिहितोय, कारण हे बोलायचं कुणाशी तेच कळत नाही.

सकाळी सोनम शेंडगे आली. म्हसवडच्या पलीकडची, धनगराची पोर. आठवडी बाजारांवर पीएच.डी. करते, अर्थशास्त्रात. घरात हिच्याआधी कुणी दहावीपुढं गेलेलं नाही. टाईप केलेलं पान घेऊन त्यातला प्रत्येक स्वल्पविराम तपासते. असं गिऱ्हाईक म्हणजे डोक्याला ताप, पण खरं सांगायचं तर मला हीच एक आवडते.

म्हणाली, "वाजिदभाई, मॅडमनी नवंच काढलंय. आढाव्याच्या प्रकरणात ज्या ज्या पुस्तकावर लिवलंय, त्याच्या पहिल्या पानाची झेरॉक्स लावायची. सगळी घावली. एकच न्हाई."

तिनं संदर्भसूची पुढं केली आणि सत्तेचाळीस नंबरवर बोट ठेवलं.

नालबंद, रहिमान बाबालाल (१९९८). बाजारवाटा. रहिमतपूर: लेखक स्वतः.

"अकरा प्रबंधांत हाय ह्ये पुस्तक," ती म्हणाली. "दीड पान लिवलंय मी त्याच्यावर. कुठं मिळंल, तुमाला काय ठावं हाय का?"

मी म्हणालो, "जुनं दिसतंय. शोधावं लागेल."

दुकानाच्या पाटीवर नुसतं 'वाजिद कॉम्प्युटर्स' आहे. आडनाव तिला माहीत नाही. रहिमान बाबालाल नालबंद माझे अब्बा. असं पुस्तक कधी छापलंच गेलं नाही. ती नोंद मी घातलेली आहे.

२२ जानेवारी, बुधवार

लिहायलाच बसलोय तर नीट लिहितो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. परीक्षक सूची वाचत नाहीत, मोजतात, असं पोरांनी कुठून तरी ऐकलेलं असतं. मग ती तीस नावं घेऊन येतात आणि म्हणतात, "भाऊ, पन्नास करून द्या." प्रत्येक टायपिंगवाल्याकडं विषयवार तयार सूची असते. जुन्या प्रबंधांतून उतरवलेली. शेतीची वेगळी, बचत गटांची वेगळी, बाजारांची वेगळी. त्यातली वीस उचलायची, सूचीत मिसळायची, झालं. पुस्तक विद्यार्थ्यानं पाहिलेलं नसतं, ज्याच्या प्रबंधातून घेतलं त्यानंही पाहिलेलं नसतं. कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

अब्बा २०१० साली गेले. बैलाघोड्यांना नाल मारायचं काम. रहिमतपूर आमचं गाव, पण अब्बा आठवड्यातले सहा दिवस सहा बाजारांत. कोरेगाव, पाटण, म्हसवड, विटा, खाली सांगलीपर्यंत. एक जाडजूड वही होती त्यांची. त्यात बाजारांबद्दल लिहायचे. पुस्तक व्हावं अशी फार इच्छा होती. ती वही त्यांच्या पिशवीत असायची, नंतर ते माझ्या बहिणीकडं, सबीनाकडं सांगलीला राहायला गेले तेव्हा तिकडं गेली. माझ्या हाताला ती कधी लागलीच नाही.

२०१२ साली जयराज नावाचा एक पोरगा बाजारांवर काहीतरी करत होता. एकोणपन्नास संदर्भ झाले. म्हणाला, एक टाका कुठलंही. आणि माझ्या बोटांनी अब्बांचं नाव टाईप केलं. ठरवून नाही केलं. नाव मी 'बाजारवाटा' ठेवलं, साल मनानं टाकलं. पानाची प्रिंट निघाली आणि मी ती कितीतरी वेळ बघत बसलो. छापलेलं नाव. जयराजचा प्रबंध मंजूर झाला, ग्रंथालयात गेला. बायकोला, दिलशादला, घरी जाऊन सांगितलं तर ती हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यात कुणाचं काय वाईट झालं, असं मला तेरा वर्षं वाटत आलं.

२८ जानेवारी, मंगळवार

सोनम जिल्ह्याच्या ग्रंथालयात जाऊन आली. रहिमतपूरच्या वाचनालयात गेली. पाटणला कुणी जुनी पुस्तकं साठवणारे गृहस्थ आहेत म्हणून तिथं गेली, एसटीनं, एक दिवस मोडून. कुठंच नाही.

"रहिमतपूरला एक म्हातारबा म्हनले, नालबंदाचं घर हुतं हितं, आता कोन न्हाई ऱ्हात. पोरगं साताऱ्याला गेलं म्हनं. त्याचं नाव काय कुणाला आटवंना."

मी प्रिंटरची ट्रे उघडली, बंद केली. म्हणालो, "एवढं कशाला जिवाला लावून घेतेस? काढून टाक ती नोंद. अठ्ठेचाळीसचे सत्तेचाळीस होतील, काय फरक पडतो?"

"आवं, काडू कशी? तिसऱ्या प्रकरणाचा तक्ता त्याच्यावर हाय. तवा दोन जिल्ह्यांत तीनशे बारा बाजार हुते आन आता किती, त्ये."

तीनशे बारा! हा आकडा मी दिलेला नाही. कुण्या पठ्ठ्यानं तो अब्बांच्या नावावर खपवला देव जाणे.

१ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या संगणकात जेवढे जुने प्रबंध होते ते सगळे उघडून बघितले. अकरापैकी सात माझ्याच दुकानात टाईप झालेत. पहिल्या तीन प्रबंधांत नुसती सूचीत नोंद आहे. चौथ्यात आढाव्यात दोन ओळी: 'नालबंद यांनी बाजारांचा सखोल अभ्यास केला आहे.' पाचव्यात एक परिच्छेद. सहाव्यात थेट अवतरण, पानाच्या नंबरासकट: 'आठवडी बाजार हा ग्रामीण अर्थव्यवस्थेचा कणा होय (नालबंद, १९९८, पृ. ११२).' सातव्यात ते 'ज्येष्ठ अभ्यासक डॉ. नालबंद' झालेत.

ही सगळी पानं माझ्याच बोटांखालून गेली आहेत, आणि मला दिसलं नाही असं नाही. दिसलं. प्रत्येक वेळी बरं वाटलं. अब्बा चौथी शिकलेले. डॉक्टर झाले.

आज सातही जागा एका कागदावर उतरवून घेतल्या. सबीनाला दाखवतो.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगलीला जाऊन आलो. सबीनानं जेवायला थांबवलं. जेवण झाल्यावर तिला तो कागद वाचून दाखवला. ती दारातल्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. 'कणा होय' ऐकल्यावर तिनं मान वर केली.

"अब्बा असं कवा बोलायचं? कना म्हंजी काय, बैलाचा?"

मी म्हणालो, लिहिताना माणूस वेगळं लिहितो.

"तुला काय ठावं त्ये कसं लिवायचं?" ती म्हणाली. रागानं नाही, सहज.

मग मी वहीबद्दल विचारलं. तिनं तेच सांगितलं जे पाच वर्षांपूर्वी फोनवर सांगितलं होतं. २०१९ च्या पुरात घरात माळ्यापर्यंत पाणी आलं. ट्रंक खालीच होती. पाणी उतरल्यावर उघडली तर आत चिखलाचा गोळा. शाईपेननं लिहिलेलं, एक अक्षर शिल्लक नाही. दोन दिवस उन्हात ठेवली, मग वास मारायला लागली.

"अब्बा वारल्यावर नऊ वर्सं ती ट्रंकंत हुती. दर इदीला म्हनायचे मी तुला, भाईजान, घिऊन जा. तू म्हनायचास, फुडल्या बारीला."

मी म्हणालो, दुकान असतं. सीझन असतो.

"व्हय. अब्बाबी तेच म्हनायचे. वाजिदकडं लय काम असतं." ती परत तांदळाकडं वळली.

परतीच्या एसटीत कऱ्हाडपर्यंत उभाच होतो. बहिणींना जुनं उकरून काढायची सवयच असते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शब-ए-बरात. दुपारी दुकान बंद करून रहिमतपूरला कब्रस्तानात गेलो. फुलं घातली, फातिहा पढलो. अब्बांच्या कबरीवर दगड आहे, त्यावर नाव नाही. तेव्हा म्हटलं होतं पुढं कोरून घेऊ.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज सोनम दुकानात रडली. गिऱ्हाईकं होती, तरी.

क्रांती मॅडम तिच्या मार्गदर्शक. चांगल्या आहेत असं सगळे म्हणतात, पण शिस्तीच्या. त्यांनी सही करायला नकार दिला. अठ्ठावीस तारखेला प्रबंध जमा करायची मुदत संपते, याआधी दोनदा वाढवून मिळाली आहे. तिसऱ्यांदा मिळत नाही. मग नोंदणी रद्द.

"मॅडम म्हनल्या, न बगितलेल्या पुस्तकावर दीड पान लिवतीस, मग चौऱ्याऐंशी बाजारांत जाऊन माहिती घेतली ह्ये तरी मी खरं कसं मानू? वाजिदभाई, मी गेलेय वो सगळ्या बाजारांत. उन्हात उभी ऱ्हाऊन फॉर्म भरल्यात. माझी चूक एकच, अकरा जनांनी लिवलंय म्हंजी आसंल असं मानलं."

तिला मी चहा दिला. दुसरं काय देणार? ती गेल्यावर झेरॉक्सच्या मशीनला टेकून उभा राहिलो.

दिलशादला घरी सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, काढली. मग म्हणाली, "अब्बांच्या नावानं एका लेकीचं वाटोळं झालेलं त्यांना चाललं असतं काय?"

चाललं नसतं. पण एकदा सांगितलं की ते नाव सगळीकडून जाणार. छापलेलं असं त्यांचं दुसरं काहीच नाही. रेशनकार्डसुद्धा सबीनाकडं बुडालं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं.

तिला दुपारी बोलावलं. शटर अर्धं ओढलं आणि उभ्यानंच सगळं बोलून टाकलं, जयराजपासून. तिला आधी कळेचना. मग तिनं भिंतीवरचं दुकानाचं लायसन पाहिलं. चौकटीत आहे, त्यावर पूर्ण नाव आहे. वाजिद रहिमान नालबंद. चार वर्षं ती त्याच्याच खाली उभी राहून पानं तपासत आलीय.

"मी पाटणला गेले तवा तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"रहिमतपूरला?"

"हो."

वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. पिशवी घेतली आणि शटरखालून वाकून गेली. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

क्रांती मॅडमना जाऊन भेटलो आणि लेखी दिलं. 'सदर पुस्तक अस्तित्वात नाही. सदर नोंद मी, खाली सही करणार, याने सन २०१२ मध्ये विद्यार्थ्याच्या सूचीत घातली. कु. सोनम हरिबा शेंडगे यांचा यात दोष नाही.' हाताने लिहिलं, टाईप नाही केलं.

मॅडमनी वाचलं, चष्मा काढला. म्हणाल्या, "अकरापैकी दोन माझेच विद्यार्थी आहेत. सही मी केलीय." मग सोनमला आत बोलावलं. तीनशे बाराचा आकडा आणि तक्त्यातला तो रकाना काढायचा. आढाव्यातलं ते दीड पान काढून त्या जागी खरं काय घडलं ते लिहायचं, अकरा प्रबंधांच्या नावांसकट. तेवढं केलं तर सही करेन म्हणाल्या. मला म्हणाल्या, तुमच्या दुकानाबद्दल कॉलेजात सूचना लावावी लागेल. मी म्हणालो, लावा.

बाहेर आल्यावर सोनम पहिल्यांदा बोलली. "वही खरी हुती का? का तीबी न्हाई?"

"होती. पुरात गेली."

ती म्हणाली, "मग त्यात काय हुतं त्ये तुमी सांगा. मी तुमची मुलाखत घेते. अप्रकाशित हस्तलिखित, आता नष्ट, लेखकाच्या मुलानं सांगितल्यावरनं. असं लिवता येतं, नियमात बसतं. वडलांचं नाव ऱ्हाईल."

एवढं केल्यावरही ही पोर माझ्या बापाचं नाव वाचवायला बघतेय. म्हणालो, रविवारी ये.

२३ फेब्रुवारी, रविवार

ती आली, बरोबर तिचे वडील. हरिबा, साठीच्या पुढचे, लाल पटका, मेंढरांमागं आयुष्य गेलेले. म्हसवडहून गाडीचं काम होतं म्हणून आले होते, लेकीबरोबर दुकानात बसले. सोनमनं मोबाइल टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं. तारीख सांगितली, जागा सांगितली, माझं पूर्ण नाव सांगितलं.

"वहीची सुरवात कशी हुती? पयल्या पानावर काय हुतं?"

मी टेबलावरचे कागद सरळ केले.

"बरं, बाजार कसे लावलं हुते? वारापरमानं, का तालुक्यापरमानं?"

टेबलावर हात ठेवून बसलो होतो. रेकॉर्डिंगचे आकडे पुढं पळत होते.

"काई तरी आटवत आसंल. एकांदं पान."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी वाचली नाही."

इथं खोटं लिहिलंय मी मागं, बावीस जानेवारीला, ते खोडत नाही. वही माझ्या हाताला लागली होती. २००८ साली अब्बांनी ती दुकानात आणून दिली. म्हणाले, सवडीनं कर. अकरा महिने ती याच टेबलावर, प्रिंटरच्या बाजूला होती. तिच्यावर मी चहाचा कप ठेवायचो. महिन्याला अब्बा यायचे, वहीकडं बघायचे, मला विचारायचे नाहीत, पोरांच्या प्रबंधांचं काय चाललंय ते विचारायचे. एक दिवस मी बँकेत गेलो होतो, परत आलो तर वही नव्हती. त्यांनी नेली होती. मला हायसं वाटलं. मी ती एकदाही उघडली नाही. अकरा जणांनी पुस्तक न बघता त्यावर लिहिलं म्हणून मी हसत होतो, आणि बारावा मी. खरं तर पहिला.

सोनम रेकॉर्डिंग बंद करायला वाकली, तेव्हा हरिबा म्हणाले, "कोन, रहिमान नालबंद का? म्हसवडच्या बाजारातला?"

"तुमी वळकता, दादा?"

"आता गं! आमच्या दोन्ही घोड्यास्नी त्योच नाल मारायचा."

सोनमनं मोबाइल उचलून बापाच्या पुढं ठेवला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

प्रबंध परवा जमा करायचा. मॅडमची सही झाली. सत्तेचाळीस नंबरची जुनी नोंद मी माझ्या हातानं काढली. त्या जागी आता हे आहे: शेंडगे, हरिबा. वैयक्तिक मुलाखत. सातारा, २३ फेब्रुवारी २०२५. मुलाखत जशीच्या तशी परिशिष्टात जोडायची. सोनमनं रेकॉर्डिंग माझ्याकडंच दिलं. दुसरीकडं देऊ शकली असती. "बोललेत तसंच उतरवा, वाजिदभाई. नीटनेटकं करू नगा, एकबी शब्द गाळू नगा." दुकानात आज दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. कॉलेजात सूचना लागलीय.

कानाला हेडफोन लावून टाईप करत बसलो.

'लय सावकास काम त्याचं. घोडीचा पाय मांडीवर घेतला की आदी इचारायचा, कुठनं आलास, किती कोस, वाटंत पानी कुठं घावलं, मागल्या बाजारापक्षी जनावरं कमी का जास्ती. खिळं तोंडात, पेन कानावर. समदं वहीत. ज्या ज्या जनावराला नाल मारली त्याचा मालक कंच्या गावचा, त्ये लिवलेलं. आमी म्हनायचो, आवं, घोडी तटलीया, आदी नाल मारा. तर म्हनायचा, थांब गड्या, उद्या ह्यो बाजार मोडला तर कुनाला ठावं ऱ्हानार.'

इथं रेकॉर्डिंगमध्ये सोनमचा आवाज आहे. "म्हंजी कुठला बाजार किती लांबनं मानसं वडायचा, त्ये सगळं लिवलं हुतं? दादा, ह्यो आकडा आज कुणाकडंच न्हाई." मग बराच वेळ कुणी बोलत नाही. ती शांतता कशी टाईप करायची, म्हणून कंसात 'विराम' लिहिलं.

पुढं हरिबांचा आवाज. रविवारी मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो, तरी ऐकलं नव्हतं असं आज ऐकलं. नाही तर ऐकूनही सोडून दिलं असेल. रेकॉर्डिंग मागं घेतलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा मागं घेतलं. सोनम म्हणालीय एकही शब्द गाळायचा नाही. परिशिष्ट तीन, पान दोनशे एकोणचाळीस, ओळ सहावी. टाईप केलं:

'मी म्हनलं, नालबंद, एवडं लिवून कोन वाचनार? तर लय हासला. म्हनला, माझं वाजिद टायपिंग शिकतंय साताऱ्याला. पयलं ह्येच टाईप करनार हाय त्ये.'